कागदाला पसंत पडेल असा बल्ब

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लोहार चाळीत बल्ब घ्यायला गेलात, तर दुकानदार तीनच प्रश्न विचारतो. किती वॉट? पिनचा की आट्याचा? पांढरा की पिवळा? एवढ्या तीन प्रश्नांवर महाराष्ट्रातली घरं, गोठे, लग्नाचे मांडव आणि गणपतीची आरास आजवर उजळत आली आहे. चौथा प्रश्न कधी लागलाच नाही. पण फोटोच्या एन्लार्जरसाठी बल्ब शोधणारा माणूस दुकानात शिरला की चौथा प्रश्न निघतो आणि तो गिऱ्हाईकच विचारतं. "याच्या डोक्यावर काही लिहिलेलं नाही ना?"

दुकानदार बल्ब उलटा करून बघतो. डोक्यावर कंपनीचं नाव, वॉट, व्होल्ट, सगळं ठसठशीत छापलेलं असतं.

"लिहिलंय की. ओरिजिनल माल आहे साहेब."

"तेच नको आहे."

"म्हणजे डुप्लिकेट देऊ?"

"अहो नाही. ओरिजिनलच द्या, पण कोऱ्या डोक्याचा."

"लावायचाय कुठल्या खोलीत?"

"डार्करूममध्ये."

यावर दुकानदार क्षणभर थांबतो, बल्ब खोक्यात परत घालतो आणि मागे उभ्या असलेल्या माणसाला म्हणतो, "बोला काका, तुम्हाला काय?"

दुकानदाराचं यात काही चुकत नाही. ज्याला खोलीत अंधार हवा आहे त्याने बल्बवर पैसे का घालावेत, हा विचार कोणत्याही सरळमार्गी व्यापाऱ्याच्या मनात येणारच. अडचण अशी की हा बल्ब माणसांसाठी नसतोच. एन्लार्जरमध्ये वर पत्र्याची टोपी, तिच्यात बल्ब, त्याखाली जाड भिंगं, मग निगेटिव्ह, मग लेन्स आणि खाली फळीवर ब्रोमाइड पेपर. बल्ब दहा-पंधरा सेकंद लागतो, निगेटिव्हमधलं चित्र मोठं होऊन कागदावर पडतं, बल्ब विझतो. पुढचं डेव्हलपर आणि हायपो ही रसायनं बघून घेतात. या बल्बच्या उजेडात कोणी पेपर वाचत नाही, तांदूळ निवडत नाही, मुलांचा अभ्यास घेत नाही. त्याचा उजेड बघणारा एकटा कागद.

आणि या कागदाच्या आवडीनिवडी सांभाळणं सोपं नाही. त्याला निळं उत्तम दिसतं, हिरवं थोडंफार दिसतं, तांबडं अजिबात दिसत नाही. म्हणून तर डार्करूममध्ये तांबडा दिवा चालतो. आता आपला तारेचा जुना बल्ब बघा. तो नव्वद टक्क्यांहून जास्त वीज नुसती उष्णता करण्यात घालवतो आणि उरलेल्यातून जो उजेड पाडतो त्यातला बराचसा तांबडा-पिवळा, म्हणजे कागदाच्या दृष्टीने अंधारच. इतक्या नालायक दिव्यावर जगातल्या सगळ्या स्टुडिओंनी पिढ्यान्‌पिढ्या धंदा केला. आणि तो बाजारातून जायला निघाला तेव्हा त्याच्यासाठी सगळ्यात जास्त हळहळले तेही हेच लोक.

आधी डोक्यावरच्या शिक्क्याचं बघू. घरात बल्ब छताला असतो, डोकं खाली असतं आणि त्यावर काय लिहिलंय याचा जेवणाऱ्या माणसाला काही उपद्रव नसतो. एन्लार्जरमध्ये बल्बचं डोकं थेट भिंगांकडे रोखलेलं. शिक्क्याची शाई उजेड अडवते आणि त्याचा पुसट डाग कागदावर उतरतो. अक्षरं काही वाचता येत नाहीत, पण मोकळ्या आकाशात बारीकसं मळभ हमखास येतं. एका फोटोग्राफी क्लबच्या प्रदर्शनात सिंहगडाच्या फोटोसमोर दोन ज्येष्ठ सभासदांचा यावरून अर्धा तास वाद चाललेला मी ऐकला आहे. एकाचं म्हणणं, हा वळवाचा ढग आहे. दुसऱ्याचं म्हणणं, हा साठ वॉटचा ढग आहे. फोटो काढणारा मधे उभा राहून दोघांनाही "हो ना" म्हणत होता. नशीब बरं असेल तर हा शिक्का घासून निघतो, कारण शाई बाहेरून असते आणि काचेचा दुधी थर आतून. सुट्टीच्या दिवशी दुपारी एखादा सुशिक्षित माणूस बाल्कनीत बसून नव्या बल्बचं डोकं पॉलिशने घासताना दिसला, तर त्याला हाक मारू नये. तो छंदात आहे.

दुसरी अट दुधीपणाची. पारदर्शक काचेचा बल्ब चालत नाही, तारेची सावली पडते. नुसत्या खरवडलेल्या काचेच्या बल्बातही मधोमध झगझगीत ठिपका उरतो आणि फोटोचा मध्य उजळ, कडा मलूल होतात. खरा दुधी बल्ब सगळ्या अंगाने सारखा पेटतो. असे बल्ब खास एन्लार्जरसाठी बनत. अमेरिकेत त्यांचे नंबर पीएच 211 आणि पीएच 212, म्हणजे अनुक्रमे 75 आणि 150 वॉट. युरोपात आणि आपल्याकडे फिलिप्सचा फोटोक्रेसेंटा. ही नावं जाणकार मंडळी घराण्याच्या गायकांची नावं घ्यावीत तशी कानाला हात लावून घेतात. या बल्बांचं आयुष्य साधारण 100 तास. घरगुती बल्ब 1000 तास चालायचा, हा त्याच्या एक दशांश. उजेड जास्त पांढरा, म्हणजे कागदाला जास्त दिसणारा, मिळावा म्हणून त्याची तार जास्त तापवतात. ती लवकर मरते. त्याच जातीचा फोटोफ्लडचा 250 वॉटचा बल्ब तर तीन तासांत कारभार आटोपत असे. एवढ्या वेळात आपल्याकडे लग्नाच्या पंगतीतला ताट वाढण्याचा क्रमही ठरत नाही.

हे बल्ब इथे मिळेनासे झाले की मराठी माणूस परदेशातल्या नातेवाइकांकडे वळतो. न्यू जर्सीतला भाचा डिसेंबरात येणार असतो. मामा त्याला नंबर पाठवतात. भाचा गुणी, बल्ब मोज्यांत गुंडाळून, हँडबॅगेत ठेवून, सुरक्षा तपासणीत दोनदा उलगडून दाखवून घरी आणतो. आटे होल्डरमध्ये बरोबर बसतात. मामा बटण दाबतात. इमारतीत कोणी पाहिला नसेल असा शुभ्र प्रकाश पडतो आणि तेवढ्यात संपतो. अमेरिकेचा बल्ब 120 व्होल्टचा, आपली वीज 230 ची. मग मामी "अहो, काय फुटलं?" विचारतात, भाचा मोज्यांकडे बघतो, आणि मामा दुसऱ्या दिवशी ट्रान्सफॉर्मरच्या शोधात बाहेर पडतात. ट्रान्सफॉर्मर मिळतो. तो असा घुमतो की त्याच्यासाठीही एक वेगळी खोली लागते.

विजेचा विषय निघालाच आहे. तारेच्या बल्बचं एक गणित डार्करूमवाल्यांना तोंडपाठ असतं. व्होल्टेज दहा टक्के उतरलं की उजेड दहा टक्के उतरत नाही, जवळजवळ तीस टक्के उतरतो. शिवाय जो उतरतो त्यात निळा जास्त, म्हणजे कागदाचा तोटा आणखी मोठा. आता आपल्याकडची डार्करूम म्हणजे रात्री साडेदहानंतरचं बाथरूम. खिडकीला काळा पुठ्ठा, कमोडवर फळी, फळीवर एन्लार्जर, बादल्यांच्या जागी तीन ट्रे. टेस्ट स्ट्रिप काढून झालेली असते, बारा सेकंद ठरलेले असतात, कागद फळीवर असतो. बटण दाबलं जातं आणि सहाव्या सेकंदाला सोसायटीचा पाण्याचा पंप सुरू होतो. बल्ब मान टाकतो. आता उरलेले सेकंद सहा धरायचे की आठ? हा हिशेब होईपर्यंत फ्रिज लागतो. तेवढ्यात बाहेरून दारावर टकटक. "अहो, आत किती वेळ? आईंना जायचंय."

स्टॅबिलायझर लावा, असं कोणीतरी सुचवतंच. घरातला फ्रिजचा स्टॅबिलायझर आणून लावलाही जातो. पण तो व्होल्टेज टप्प्याटप्प्याने बदलतो, प्रत्येक टप्प्याला आतून 'टक्' असा आवाज येतो आणि त्या टकेसरशी उजेड उडी मारतो. फ्रिजमधल्या दुधाला याचं सोयरसुतक नसतं. कागदाला असतं. अखेर काही जण थेट सोसायटीच्या मीटिंगमध्ये पंपाची वेळ बदलण्याचा ठराव मांडतात. कारण म्हणून 'छायाचित्रण' असं लिहितात. सेक्रेटरी ते वाचून चष्मा काढतात.

मग जमाना बदलला. युरोपने तारेचे बल्ब घालवायला सुरुवात केली ती 1 सप्टेंबर 2009 ला, आणि पहिल्याच फेरीत शंभर वॉटवाल्यांबरोबर सगळे दुधी बल्ब काढले, मग ते कितीही वॉटचे असोत. कोणी डार्करूमवाल्यांवर डूख धरून हे केलं नव्हतं. खास कामाचे दिवे वगळलेही होते. पण कुठला दिवा खास आणि कुठला साधा हे पटवायला दुकानात पुन्हा तेच संभाषण आलं. आपल्याकडे 5 जानेवारी 2015 ला सुरू झालेल्या 'उजाला' योजनेने एलईडी बल्ब घरोघर पोहोचवला. बिलं खाली आली, देशाचं भलं झालं आणि एन्लार्जरवाल्यांच्या पोटात गोळा आला.

त्याआधी मधल्या काळात सीएफएलने नशीब आजमावलं होतं. तो पूर्ण उजेडाला यायलाच अर्धा-पाऊण मिनिट घेतो. कागदाचं काम बारा सेकंदांचं. म्हणजे फोटो होऊन डेव्हलपरमध्ये पडला तरी बल्बचं अजून तोंड धुणं चाललेलं. शिवाय बंद केल्यावरही त्याच्या नळीत मंद उजेड रेंगाळतो.

एलईडीचं रेंगाळणं तर आणखी अवघड. आपल्याकडे अनेक घरांत बटणाशेजारी तो छोटा तांबडा इंडिकेटर असतो, अंधारात बटण सापडावं म्हणून. त्याच्यातून किंचित करंट झिरपत राहतो. जुन्या बल्बला त्याचं काही वाटत नसे. स्वस्तातला एलईडी मात्र तेवढ्यावर रात्रभर मिणमिणतो. "निघतो हं आता" म्हणून उठलेला आणि उंबऱ्यात चपला अर्ध्या घालून पुन्हा बोलत उभा राहिलेला पाहुणा असावा, तशी त्याची तऱ्हा. दिवाणखान्यात हे चालून जातं. एन्लार्जरखाली उघडा कागद ठेवून तुम्ही अंधारात कोपरे जुळवत असता आणि वरून हा आपला मिणमिण करत तुमच्या निगेटिव्हची कथा कागदाला आधीच सांगून टाकतो.

आणि त्याचा पांढरा रंग? माणसाला तो पांढरा दिसतो. आत मात्र निळ्याचा एक उंच सुळका असतो, साधारण 450 नॅनोमीटरला, आणि हिरव्याच्या अलीकडे खड्डा. मल्टिग्रेड पेपर, जो इल्फर्डने 1940 मध्ये बाजारात आणला, निळ्या उजेडात कडक फोटो देतो आणि हिरव्यात मवाळ. दोहोंचं प्रमाण साधायला 00 पासून 5 पर्यंत बारा फिल्टर असतात, आणि ते ठरवले तारेच्या पिवळट बल्बच्या हिशेबाने. तिथे 'कूल डेलाइट' लावला की दोन नंबरचा फिल्टर घालूनही आजीच्या चेहऱ्यावर अशा सुरकुत्या येतात की फोटो पाहून आजी बोलणं सोडते. 'वॉर्म व्हाइट' घेतला तर आजी पुन्हा बोलू लागते. थोडक्यात, पिवळा घ्या. दुकानदाराचा तिसरा प्रश्न अगदीच वाया जात नाही.

स्मार्ट बल्बचाही प्रयोग एका तरुणाने केला. रंग हवा तो, उजेड हवा तेवढा, सेकंदांचा टायमर आत. फक्त तो चालू करायला मोबाइल खिशातून काढावा लागतो, आणि मोबाइलचा पडदा उजळला की खोलीतल्या सगळ्या उघड्या कागदांचं शिक्षण एकदम पूर्ण होतं.

तांबड्या दिव्याची गोष्ट मात्र सुखाची आहे. पूर्वी डार्करूममध्ये तांबडा झिरोचा बल्ब असे. हा झिरोचा बल्ब बारा-पंधरा वॉट खातो हे सगळ्या इलेक्ट्रिशियनना माहीत असतं, तरी त्याला झिरोचाच म्हणतात. आता खरा तांबडा एलईडी त्याहून शुद्ध उजेड देतो. पण नुसती तांबडी टोपी घातलेला पांढरा एलईडी निघू शकतो, म्हणून परीक्षा घ्यावी लागते. कागदावर नाणं ठेवायचं, पाच मिनिटं त्या दिव्याखाली सोडायचं आणि मग कागद धुवायचा. नाण्याचा गोल उमटला तर बल्ब दुकानदाराला परत. "का परत?" या प्रश्नाला "रुपया दिसला" हे उत्तर देऊन बघाच.

वॉटचा वाद वेगळा. 75 की 150? दुप्पट वॉट म्हणजे साधारण निम्मा वेळ, हे कोणालाही पटेल. मोठे फोटो करायचे, 8×10 इंचांवरून 16×20 वर जायचं, तर उजेड चौपट पातळ होतो, तेव्हा दीडशे बरा. पण दीडशेने पत्र्याची टोपी इतकी तापते की निगेटिव्ह फुगून मधेच जागा सोडतं आणि काळजीपूर्वक साधलेला फोकस डोळ्यांदेखत जातो. शिवाय लहान फोटोला दोन सेकंदच मिळतात. तेवढ्यात चेहऱ्यावर हाताची सावली धरून तो उजळ राखणं, ज्याला डॉजिंग म्हणतात, ते करणार कधी? हात वर नेईपर्यंत वेळ संपतो.

हे सगळं जमलं की मग मोठ्या माणसांचा वाद येतो. भिंगांचा एन्लार्जर की पसरट उजेडाचा? भिंगांतून सरळ आलेला उजेड चांदीच्या कणांवर आदळून इतस्ततः जातो, त्यामुळे त्याच निगेटिव्हचा फोटो जास्त कडक येतो, हे आंद्रे कॅलिएने 1909 मध्येच मांडून ठेवलं. तेव्हापासून दोन तट पडले ते आजतागायत. अमेरिकेतल्या छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने आपल्या मोठ्या आडव्या एन्लार्जरसाठी 36 बल्ब लावले होते, प्रत्येकाला स्वतंत्र बटण. आकाशाचा डावा कोपरा गडद हवा तर तिथला बल्ब लावायचा, उजळ हवा तर विझवायचा. ही माहिती आमच्याकडच्या एका बल्बप्रेमींनी घरी सांगितली, तेव्हा सौभाग्यवतींनी एवढंच विचारलं, "त्यांचं बाथरूम केवढं होतं?"

गंमत म्हणजे ज्यांनी खरोखर पोटासाठी फोटो केले त्यांना यातलं काहीही विचारा, बोलायला उत्साह नसतो. सातारा-सांगलीकडच्या एका जुन्या स्टुडिओवाल्यांना मी बल्बबद्दल छेडलं होतं. लग्नसराईत रात्र-रात्र फोटो काढत बसायचे, ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' कागद असो की आणखी कुठला, हाताला येईल तो वापरायचे. "बल्ब कुठला लावायचात?" ते म्हणाले, "गेला की नवा." "पण वॉट? दुधी? शिक्का?" "अहो, नवरी बाप्पाच्या कृपेने गोरी यायला हवी, बाकी बल्ब कुठलाही चालतो." माझं निरीक्षण असं की बल्बवरची मतं आणि वर्षाला निघणारे फोटो यांचं प्रमाण व्यस्त असतं. हजारो फोटो करणाऱ्याला मतं नसतात. मतं असणाऱ्याकडे तीन एन्लार्जर आणि मागच्या दिवाळीचे चार फोटो असतात.

आणि बल्ब संपण्याच्या भीतीचं तर काही विचारूच नका. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे साठ्याचं महत्त्व जाणणारे. त्यांनी एका बंद पडलेल्या फोटो-सामानाच्या दुकानातून सहा दुधी बल्ब मिळवले. वर्तमानपत्रात गुंडाळून, वर नॅप्थालिनच्या गोळ्या ठेवून, लोखंडी कपाटात. गोळ्या कशाला, असं विचारलं तर म्हणाले, काळजी घेतलेली बरी. मी त्यांच्यासमोर हिशेब मांडला. एक बल्ब 100 तास, म्हणजे 3,60,000 सेकंद. फोटोला 15 सेकंद धरा. एका बल्बात 24,000 फोटो. सहा बल्बांत 1,44,000. तुम्ही दर रविवारी दहा फोटो करता असं मानलं, तुम्ही करत नाही पण मानलं, तर वर्षाला 520. म्हणजे तुमचा साठा 277 वर्षं पुरेल.

ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "आणि फोकस करताना बल्ब चालू राहतो, ते?"

"ठीक आहे, निम्मं करा. 138 वर्षं."

"मग सातवा बघायलाच हवा," ते म्हणाले. "सहापैकी एकाच्या डोक्यावर शिक्का आहे."